अडीच टक्क्यांचे बचत खाते आणि गोव्याचा ठेवीदार

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने ५ डिसेंबरला रेपो दर आणखी पाव टक्क्याने उतरवला आणि तो ५.२५ टक्क्यांवर आला. यंदाच्या फेब्रुवारीच्या आरंभी हाच दर ६.५० टक्के होता. म्हणजे वर्ष सरायच्या आत सव्वा टक्क्याची कपात झाली. अशा बातमीचा मथळा ठरलेला असतो: गृहकर्जाचा हप्ता किती रुपयांनी कमी होणार. तो मथळा चुकीचा नाही. मात्र त्याच बातमीला दुसरी बाजू आहे आणि ती सहसा शेवटच्या परिच्छेदात, जागा उरली तर, येते. कर्जदाराचा जो हप्ता कमी होतो, त्यातला काही भाग ठेवीदाराच्या पदरातून जातो.

गोव्यासारख्या राज्यात ही दुसरी बाजू मोठी आहे. येथील बँकांत जमा होणाऱ्या ठेवींच्या मानाने येथे दिल्या जाणाऱ्या कर्जांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच कमी आहे. निवृत्त सरकारी नोकर, खाणी बंद झाल्यावर मिळालेली पुंजी सांभाळून बसलेली कुटुंबे, बोटीवर नोकरी करून घरी पैसे पाठवणारे तारवटी, आखातात आणि युरोपात स्थिरावलेल्या मुलांचे आईवडील या सगळ्यांचा बँकेशी असलेला संबंध कर्जापेक्षा ठेवीचा अधिक आहे. ज्यांच्याकडे मोठी ठेव नाही, त्यांच्याही खात्यात ‘गृह आधार’चे दीड हजार किंवा दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे दरमहा येतात. त्यामुळे बचत खात्यावर किती व्याज मिळते, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी लागू पडतो.

तर त्याचे आजचे उत्तर असे. स्टेट बँकेने १५ जून २०२५पासून बचत खात्याचा दर २.७० टक्क्यांवरून २.५० टक्क्यांवर आणला. त्याच महिन्यात एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या खाजगी क्षेत्रातील दोन सर्वांत मोठ्या बँकाही अडीच टक्क्यांवर येऊन थांबल्या. एक लाख रुपये वर्षभर जसेच्या तसे ठेवले तर अडीच हजार रुपये, म्हणजे महिन्याला दोनशे आठ रुपये आणि काही पैसे.

आमच्या घरचे एक पासबुक या निमित्ताने मी उघडून पाहिले. आईचे खाते आहे, बँकेचे नाव महत्त्वाचे नाही. तिमाहीअखेरीस व्याजाची नोंद एकशे एकोणीस रुपयांची होती. तिच्या वरच्याच ओळीत डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क, वर वस्तू व सेवा कर, मिळून दोनशे छत्तीस रुपये वजा झालेले. आईने ते कार्ड आजवर एकदाही वापरलेले नाही. ते कपाटात, ज्या लिफाफ्यातून आले त्याच लिफाफ्यात आहे. तिला मी ही नोंद दाखवली तेव्हा तिने विचारले, “म्हणजे मी बँकेला पैसे देते की बँक मला?” या लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

दर इतका खाली का येतो?

बचत खात्याचा दर एकेकाळी रिझर्व्ह बँकच ठरवून देत असे. मार्च २००३पासून तो साडेतीन टक्के होता, मे २०११मध्ये चार टक्के झाला आणि २५ ऑक्टोबर २०११ रोजी बँकांना तो स्वतः ठरवण्याची मोकळीक मिळाली. आता बँका ठेवीदारासाठी एकमेकींशी स्पर्धा करतील, अशी त्या वेळी अपेक्षा होती. काही नव्या खाजगी बँकांनी लगेच दर वाढवलेही; येस बँकेने तर सहा टक्के जाहीर केले. मोठ्या बँका मात्र सहा वर्षे चार टक्क्यांवरून हलल्या नाहीत. जुलै २०१७अखेरीस स्टेट बँक हलली ती खालच्या दिशेने, साडेतीन टक्क्यांवर. बाकीच्या तिच्यामागून गेल्या.

या वर्षी जे घडले त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०१९पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे आणि इतर किरकोळ कर्जे बाह्य मानकाशी, बहुधा रेपो दराशी, जोडावी लागतात. रेपो उतरला की काही आठवड्यांत या कर्जांवरचे व्याज आपोआप उतरते. बँकेची आवक तिथे लगेच घटते. दुसरीकडे, मुदत ठेवींवर तिने जे दर कबूल केले आहेत ते मुदत संपेपर्यंत बदलता येत नाहीत. सात टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलेली ठेव दोन वर्षे सात टक्केच मागणार. मग तफावत भरून काढायची कुठून? बचत खात्यांतून. एका परिपत्रकाने, एका रात्रीत, जुन्या-नव्या साऱ्या शिल्लकीचा दर बदलता येतो अशी तेवढी एकच मोठी रक्कम बँकेच्या हाती असते. बचत खात्यांत एक लाख कोटी रुपये असतील, तर ०.२० टक्क्याची कपात म्हणजे वर्षाला दोनशे कोटींची बचत. मोठ्या बँकांकडे अशी रक्कम कित्येक लाख कोटींची आहे.

आणि बँकांना हेही ठाऊक आहे की, बचत खातेदार सहसा हलत नाही. पगार तिथे येतो, विजेचे बिल तिथून जाते, गॅसचे अनुदान, निवृत्तिवेतन, एसआयपी, आधार जोडणी सारे त्या खात्याला बांधलेले असते. पाव टक्क्यासाठी हे सगळे कोण सोडवत बसणार? दर ठरवताना बँक आपल्या या आळसाची किंमत धरते, असे म्हटले तर ते फार कडवट होणार नाही.

एक गोष्ट मात्र ठेवीदाराची बाजू घेतानाही मान्य केली पाहिजे. महागाईच्या तुलनेत पाहिले तर आजचे अडीच टक्के दिसतात तितके वाईट नाहीत. गेल्या ऑक्टोबरमध्ये किरकोळ महागाईचा दर अवघा ०.२५ टक्के नोंदवला गेला. २०२४-२५ या आर्थिक वर्षात हीच सरासरी ४.६ टक्के होती आणि तेव्हा बचत खाते पावणेतीन टक्क्यांच्या आसपास देत होते. म्हणजे गेल्या वर्षी खात्यातील पैशांचे मोल खरोखर घटत होते, या क्षणी निदान कागदावर ते घटत नाही. पण भाज्यांचे भाव कोसळल्याने उतरलेली महागाई भाज्या महागल्या की परत चढते. त्या वेळी बँका बचत खात्याचा दर तितक्याच तत्परतेने चढवतील, असा अनुभव नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो अडीच टक्क्यांनी वाढला, तेव्हा स्टेट बँकेच्या सर्वसाधारण खातेदाराचे २.७० टक्के जागचे हलले नव्हते.

पोस्टाचे चार टक्के कोणाला मिळतात?

अडीच टक्क्यांच्या या काळात एक दर वेगळा उभा आहे, तो टपाल खात्याच्या बचत खात्याचा. डिसेंबर २०११पासून तो चार टक्के आहे आणि अजून तितकाच आहे. पाचशे रुपयांत खाते उघडते. ठेवीला सरकारची हमी असल्याने पाच लाखांच्या विम्याची मर्यादा येथे लागू होत नाही. गोव्यातील लहान गावांत बँकेची शाखा नसली तरी टपाल कार्यालय असते. तीन लाख रुपये वर्षभर ठेवले तर बँकेत साडेसात हजार, पोस्टात बारा हजार. साडेचार हजारांचा हा फरक निवृत्त माणसासाठी निश्चितच मोठा आहे.

पण येथे एक जुना नियम अजून जिवंत आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. बँका १ एप्रिल २०१०पासून रोजच्या शिल्लकीवर व्याज मोजतात. पोस्टात ते अजूनही महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतच्या काळातील सर्वांत कमी शिल्लकीवर मोजले जाते. बाराव्या तारखेला पन्नास हजार भरले, तर त्या महिन्यापुरते त्यांवर काही नाही. पंचवीस तारखेला घराच्या डागडुजीसाठी रक्कम काढली आणि दोन दिवसांनी परत भरली, तरी तो महिना गेला.

पगारदाराचे उदाहरण घेऊ. एक तारखेला खात्यात साठ हजार येतात, खर्च होत होत महिनाअखेरीस आठ हजार उरतात. समजा, रोजच्या शिल्लकीची सरासरी तीस हजार पडते. बँकेत अडीच टक्क्यांनी याचे वर्षाला साडेसातशे रुपये होतील. पोस्टात व्याज धरले जाईल ते आठ हजारांवर, म्हणजे चार टक्क्यांनी तीनशे वीस रुपये. दर जास्त, हाती आलेले व्याज निम्म्याहून कमी. तेव्हा पोस्टाचे खाते ये-जा करणाऱ्या पैशांसाठी नाही. ज्या रकमेला अडीअडचणीखेरीज हात लावायचा नाही, तिच्यासाठी ते आज उत्तम आहे, आणि भरणा नऊ तारखेपर्यंत केलेला बरा. टपाल खात्याच्या नावाने चालणारी पेमेंट्स बँक ही मात्र निराळी संस्था आहे. तिचा व्याजदर बँकांहूनही कमी आणि शिल्लक ठेवण्याची मर्यादा दोन लाख. काउंटर एकच असल्याने खाते कुठले उघडले जात आहे, हे अर्जावर वाचून घ्यावे.

‘सात टक्क्यांपर्यंत’ या शब्दांतील ‘पर्यंत’

काही लघु वित्त बँका आणि मध्यम आकाराच्या खाजगी बँका बचत खात्यावर सहा-सात टक्क्यांच्या जाहिराती करतात. या बँकांना रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे, त्यांतील ठेवींना विमाही आहे. केवळ जास्त व्याज देतात म्हणून त्यांच्याकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. त्या नव्या आहेत, शाखा कमी आहेत, पैसा हवा असेल तर त्यांना जास्त दर देणे भाग आहे. प्रश्न वेगळा आहे. सात टक्के कोणत्या रकमेवर?

समजा, एखाद्या बँकेचे कोष्टक असे आहे: एक लाखापर्यंत तीन टक्के, त्यावरील पाच लाखांपर्यंत पाच टक्के, पाच लाखांच्या वर सात टक्के. ज्याच्या खात्यात ऐंशी हजार आहेत त्याला तीन टक्केच मिळतील. दोन लाखवाल्याला पहिल्या लाखावर तीन हजार आणि दुसऱ्यावर पाच हजार, एकूण आठ हजार, म्हणजे सरासरी चार टक्के. हे पोस्टाच्या इतकेच झाले, फक्त रोजच्या शिल्लकीवर. जाहिरातीतला सातचा आकडा ज्या रकमेवर लागू होतो ती रक्कम पाच लाखांच्या पुढची आहे, आणि ठेव विम्याचे संरक्षण नेमके पाच लाखांवर संपते. अशा कोष्टकात सर्वांत गोड व्याज सर्वांत उघड्या पैशांवर मिळते. ज्यांना हे धाडस करायचे त्यांनी करावे. मात्र आकडा पाहून खाते बदलू पाहणाऱ्या सामान्य ठेवीदाराने आधी आपली नेहमीची शिल्लक किती असते ते पासबुकात पाहावे आणि कोष्टकातील त्या ओळीवर बोट ठेवावे. शिवाय काही बँका वरचा दर फक्त वाढीव रकमेवर देतात, तर काही सबंध शिल्लकीवर. हेही विचारून घ्यायचे.

माझ्या मते दोन-अडीच लाखांच्या घरात शिल्लक असणाऱ्यांसाठी खाते बदलण्यापेक्षा आहे त्याच बँकेत ‘स्वीप’ची सोय करून घेणे अधिक फायद्याचे आहे. हिला कोणी ऑटो स्वीप म्हणते, कोणी फ्लेक्सी. बचत खात्यात ठरावीक रकमेच्या वर गेलेला पैसा आपोआप मुदत ठेवीत जातो आणि गरज पडली की तितकाच परत खात्यात येतो. अडीच लाख नुसते बचत खात्यात ठेवले तर वर्षाचे सव्वासहा हजार. त्यांतील पन्नास हजार खात्यात आणि दोन लाख वर्षाच्या ठेवीत, समजा सव्वासहा टक्क्यांनी, ठेवले तर साडेबारा हजार अधिक साडेबाराशे, एकूण पावणेचौदा हजार. दुपटीहून जास्त.

अर्थात यात मेख आहे. ठेव मुदतीआधी मोडली, तर ती जितके दिवस राहिली तितक्या दिवसांचा दर लागतो, आणि अनेक बँका त्यातूनही अर्धा-एक टक्का दंड कापतात. महिन्याभराच्या ठेवीचा दर आज तीन टक्क्यांच्या आसपासच आहे. दर आठवड्याला पैसे काढणाऱ्याच्या बाबतीत ठेव बनत राहील आणि मोडत राहील, हाती बचत खात्याइतकेही पडणार नाही. पैसे लागले की आधी कोणती ठेव मोडते, सर्वांत जुनी की सर्वांत नवी, हेही विचारावे. नवी आधी मोडत असेल तर जुनीचे जमलेले व्याज शाबूत राहते. शाखेतील कर्मचारी ही सोय आपणहून सांगत नाहीत, असा माझा अनुभव आहे. विम्याची पॉलिसी मात्र न विचारता सांगतात.

किमान शिल्लक

व्याजाच्या दरापेक्षा दंडाचा दर पुष्कळदा जास्त महत्त्वाचा ठरतो. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी किमान शिल्लक न राखल्याबद्दल ग्राहकांकडून सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये वसूल केले, असे सरकारने संसदेत सांगितले. स्टेट बँकेने हा दंड २०२०मध्येच बंद केला होता, तरी हा आकडा. यंदा जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँक यांनी सर्वसाधारण बचत खात्यांवरील ही अट काढली, ही चांगली गोष्ट झाली. उलट दिशेने, आयसीआयसीआय बँकेने ऑगस्टमध्ये शहरी भागातील नव्या खात्यांसाठी सरासरी किमान शिल्लक पन्नास हजार केली आणि ओरड झाल्यावर ती पंधरा हजारांवर आणली. हा निर्णय बँकांचा आहे, त्यात नियामकाने पडण्याचे कारण नाही, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी त्या वेळी घेतली.

ज्या खात्यात दरमहा दीड-दोन हजारच येतात, त्या खात्याला ही अट लागू असणे म्हणजे सरकारने एका हाताने दिलेले बँकेने दुसऱ्या हाताने घेणे. अशांसाठी मूलभूत बचत ठेव खाते आहे. जनधन खाते हा त्याचाच प्रकार. त्यात किमान शिल्लक नाही आणि साध्या डेबिट कार्डाला शुल्क नाही. जुने खाते त्यात बदलून मागता येते. दंडाबाबतही नियम आहेत. तो जितकी रक्कम कमी पडली तिच्या प्रमाणात असावा, ग्राहकाला आधी कळवून महिन्याची मुदत द्यावी आणि दंडामुळे खाते शून्याखाली जाऊ नये. खाते ‘उणे’ दाखवून पैसे मागितले जात असतील, तर ते या नियमांत बसत नाही.

म्हापसा आणि मडगावची आठवण

व्याजाची चर्चा गोव्यात सुरक्षिततेपाशी येऊन अडते आणि तिने अडावेच. म्हापसा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध जुलै २०१५मध्ये आले. परवाना रद्द झाला १६ एप्रिल २०२० रोजी. मधली पावणेपाच वर्षे ठेवीदार आपल्याच पैशांसाठी खेटे घालत राहिले. मडगाव अर्बनवर २०१९मध्ये निर्बंध आले आणि २९ जुलै २०२१ला तिचाही परवाना गेला. दोन्ही वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितले की, सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना ठेव विमा महामंडळाकडून पूर्ण रक्कम मिळेल. हे खरे, परंतु यामागे एक योगायोग आहे. ठेव विम्याची मर्यादा १९९३पासून एक लाख होती. ती ४ फेब्रुवारी २०२० रोजी पाच लाख झाली. म्हापसा अर्बनचा परवाना अडीच महिने आधी रद्द झाला असता, तर एक लाखावरील ठेवीचे काय, हा प्रश्न कितीतरी अधिक घरांपुढे उभा राहिला असता. उरलेल्या एक टक्क्यातील ठेवीदार सहसा कोण असतात, हेही लक्षात घ्यावे. घर-जमीन विकून आलेली किंवा निवृत्तीच्या वेळी हाती पडलेली सगळी रक्कम गावातील माणसे ओळखीची म्हणून एकाच बँकेत ठेवणारे.

आपल्याकडे ही भीती जुनी आहे. डिसेंबर १९६१मध्ये पोर्तुगीज राजवट संपण्याच्या सुमारास बँको नॅसिओनाल उल्त्रामारिनो या बँकेकडे गोवेकरांनी गहाण ठेवलेले दागिने लिस्बनला नेण्यात आले. ते परत आले १९९१मध्ये. काही घरांत आजी गेल्यावर तिच्या बांगड्या परतल्या.

२०२१च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले की विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद झाली. म्हापशासारखी पाच वर्षांची वाट आता पाहावी लागू नये. पाच लाखांची मर्यादा दर बँकेला, दर ठेवीदाराला आहे. एकाच बँकेच्या चार शाखांतील खाती, मुदत ठेवी आणि त्यांवरील व्याज सारे एकत्र धरले जाते. मात्र पतीचे एकट्याचे, पत्नीचे एकटीचे, दोघांचे संयुक्त, आणि नावांचा क्रम बदललेले संयुक्त खाते ही विम्याच्या दृष्टीने स्वतंत्र मानली जातात. एवढे कळले तरी अनेकांची झोप सुधारेल.

आणि पतसंस्था. तिथे एक-दोन टक्के जास्त मिळतात, वसुलीला माणूस दारात येतो, संचालक ओळखीचे असतात. परंतु पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही. एक पैशाचाही नाही. त्यांच्यावर देखरेख सहकार निबंधकांची असते, रिझर्व्ह बँकेची नव्हे, आणि नावात ‘बँक’ हा शब्द वापरण्याची त्यांना मुभा नाही. चांगल्या चाललेल्या पतसंस्था आहेत, त्यांनी लहान दुकानदारांना उभे केले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही अडीअडचणीचा पैसा तिथे ठेवणे म्हणजे एक-दोन टक्क्यांसाठी विमा सोडून देणे आहे.

करात गोवेकराला मिळणारी वेगळी वागणूक

बचत खात्याची देशभरची मार्गदर्शने वाचताना गोव्यातील वाचकाने एक गोष्ट त्यांत शोधू नये, कारण ती तिथे नसते. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार ज्यांची संपत्ती पतिपत्नींत सामाईक आहे, त्यांचे पगाराखेरीजचे उत्पन्न आयकर कायद्याच्या कलम ५अ प्रमाणे दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. खाते एकाच्या नावावर असले तरी त्याचे व्याज दोघांचे. पतीच्या खात्यात चार लाख आहेत आणि चार टक्क्यांनी वर्षाला सोळा हजार व्याज आले, तर प्रत्येकाचा वाटा आठ हजार. जुनी करप्रणाली निवडली असेल तर बचत खात्याच्या दहा हजारांपर्यंतच्या व्याजावर कलम ८०टीटीए खाली वजावट मिळते. दोघांचेही आठ-आठ हजार त्यात बसतात. बेळगाव किंवा सावंतवाडीतील जोडप्याच्या बाबतीत त्याच सोळांपैकी सहा हजार करपात्र झाले असते. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला असेल तर मात्र हे लागू नाही.

याची दुसरी बाजू अशी की, कलम ५अ लागू असणाऱ्यांना सर्वांत सोपे असलेले ‘सहज’ विवरणपत्र भरता येत नाही. विभागणीचे वेगळे परिशिष्ट असलेले विवरणपत्र भरावे लागते. अनेक पगारदार हे न करता पुढे जातात आणि नंतर नोटीस आली की धावपळ करतात.

साठ वर्षांवरील नागरिकांना जुन्या प्रणालीत पन्नास हजारांपर्यंतची वजावट आहे आणि तीत मुदत ठेवींचे व्याजही येते. साठच्या खालच्यांना स्वीपमधून आलेल्या व्याजावर ८०टीटीए मिळत नाही, कारण कायद्याच्या लेखी ती मुदत ठेव आहे. नव्या प्रणालीत या दोन्ही वजावटी नाहीत. तिथे टपाल बचत खात्याच्या व्याजाला असलेली साडेतीन हजारांची, संयुक्त खात्यास सात हजारांची, सूट तेवढी टिकून आहे. बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न यंदापासून नव्या प्रणालीत करमुक्त झाल्याने पुष्कळांना या बारकाव्यांची गरज पडणार नाही. व्याज दाखवणे मात्र टाळू नये. बचत खात्याच्या व्याजावर बँक कर कापत नाही, म्हणून ते कोणाला दिसत नाही असा समज आहे. आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात ते असते.

परदेशी असलेल्यांसाठी एकच गोष्ट. अनिवासी बाह्य खात्यावर, म्हणजे एनआरई खात्यावर, देशी खात्याहून जास्त दर देता येत नाही. मात्र त्याचे व्याज भारतात करमुक्त आहे. तारवटीची नोकरी सोडून कायमचे घरी आल्यावरही हे खाते तसेच चालू ठेवणारे पुष्कळ आहेत. ते निवासी खात्यात बदलून घेणे बंधनकारक आहे.

आईच्या खात्यापुरता निर्णय आम्ही असा केला. कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला. शाखेत ‘असू दे, कधी लागेल’ असे दोनदा ऐकवण्यात आले, तिसऱ्यांदा अर्जावर शिक्का मिळाला. निवृत्तिवेतन त्याच खात्यात राहील, त्यातून दोन महिन्यांच्या खर्चाइतके ठेवून बाकीचे पोस्टात, दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला. १ नोव्हेंबरपासून बँक ठेवींना चारपर्यंत वारसदार नेमता येतात, म्हणून त्याच वेळी नामनिर्देशनाचा अर्जही बदलला. तिथे अजूनही माझ्या दिवंगत वडिलांचेच नाव होते.